कटिंगच्या मुळाशी

कटिंग म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांसमोर काय येतं? टपरी, काचेचा छोटा ग्लास, अप्रेझलचं गॉसिप आणि 'चल रे, दोन मिनिटं' म्हणत काढलेली पंचवीस मिनिटं. बरोबर? पण निलगिरीच्या डोंगरात कोणी 'कटिंग' म्हणालं तर भलताच अर्थ होतो. तिथे कटिंग म्हणजे चहाच्या फांदीचा एक पान असलेला, जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढा तुकडा. तो मातीच्या पिशवीत खोचायचा, वर्षभर लेकरासारखा सांभाळायचा आणि मग शेतात लावायचा. त्याचं जे झुडूप होतं ते आपण रिटायर झाल्यावरही पानं देत असतं!

हे ज्ञान मला मिळालं कोटागिरीत. 2025 साली गांधी जयंती आणि दसरा एकाच गुरुवारी आले होते, आठवतंय? एक सुट्टी बुडाली म्हणून अख्खं ऑफिस हळहळत होतं. आम्ही मात्र शुक्रवारची रजा टाकली आणि चार दिवसांचा मस्त वीकेंड पदरात पाडून घेतला. आमच्या टीममध्ये एक कोटागिरीचा मुलगा आहे. 'उटीला काय जाता, तिथे अर्धं पुणे भेटेल, माझ्या घरी चला' हे त्याचं पालुपद गेली तीन वर्षं चालू होतं. यंदा गेलोच.

कोइंबतूरला उतरायचं, मेट्टुपाळयमला यायचं आणि तिथून बसने घाट चढायचा. मेट्टुपाळयमला दोन वाटा फुटतात. एक कूनूरमार्गे उटीला जाते. तिकडे ती फेमस टॉय ट्रेनही जाते, बहुतेक सगळे त्याच वाटेने जातात. दुसरी कोटागिरीची, साधारण तेहेतीस किलोमीटर. ट्रेन नाही, गर्दीही नाही. सुपारीच्या बागा मागे पडतात, कानात दडे बसतात, आणि एका वळणावर अचानक सगळा डोंगर कोणीतरी कंगवा फिरवल्यासारखा दिसायला लागतो. चहा आला!

टीममेटचं घर त्याच्या 'हट्टी'त आहे. बडगा लोकांच्या वस्तीला हट्टी म्हणतात. एकमेकांना खेटून एका ओळीत बांधलेली घरं आणि समोर सामाईक अंगण. मी म्हटलं, 'आमच्याकडे हट्टी म्हणजे वेगळं काहीतरी असतं.' अर्थ सांगितल्यावर टीममेट आपल्या वडिलांकडे बघून खो-खो हसला. पुढचे तीन दिवस त्या हसण्याचा अर्थ मला हळूहळू कळत गेला.

अप्पांची दीड एकर चहाची बाग आहे. निलगिरीत असे हजारो छोटे बागवाले आहेत. पान खुडायचं, फॅक्टरीला घालायचं आणि दर काय निघतो याकडे डोळे लावून बसायचं. चहाचा मळा म्हटला की आपल्या डोक्यात हॅट घातलेला साहेब आणि प्रशस्त बंगला येतो. इथे हॅटच्या जागी माकडटोपी होती आणि बंगल्याच्या जागी दोन खोल्या. पहाटे साडेपाचला अम्माच्या हातचा वाफाळता चहा मात्र असा, की ऑफिसच्या व्हेंडिंग मशीनला त्या दिवसापासून मी मनातून घटस्फोट दिला आहे.

सकाळी अप्पा बाग दाखवायला घेऊन निघाले. त्यांचं इंग्रजी मोडकं, माझं तमिळ शून्य, आणि मधे टीममेट दुभाषा. पहिल्याच ओळीत त्यांनी एक कोवळं पान उलटं करून दाखवलं. वरून पानावर खळगा, खालून पांढरा मखमली फोड. 'ब्लिस्टर,' अप्पा म्हणाले. ब्लिस्टर ब्लाइट हा चहाचा कुप्रसिद्ध रोग. आसामात 1868 पासून त्याची नोंद आहे, दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत तो 1946 साली पोचला आणि तिथले मळेवाले हादरले. कारण सोपं आहे. ही बुरशी नेमकी कोवळ्या पानांवर जगते, आणि आपणही नेमकी तीच पानं पितो. ढगाळ, थंड, ओली हवा तिला मानवते. म्हणजे जी हवा बघून आपण 'वॉव, क्या वेदर है' म्हणत फोटो काढतो, त्या हवेत बागवाल्याला झोप लागत नाही. मग पाठीवर पंप घेऊन तांब्याचं औषध फवारायचं. नाशिकच्या द्राक्षवाल्यांना हा प्रकार नवीन नाही.

खरं तर बुरशीचं आणि चहाचं नातं त्याहून जुनं आहे. श्रीलंकेत आधी चहा नव्हता, कॉफी होती. 1869 मध्ये तिथे कॉफीवर तांबेरा आला. तीही बुरशीच. पुढच्या वीसेक वर्षांत कॉफीचं साम्राज्य बसलं आणि त्या जागी चहा लागला. एका बुरशीने 'सिलोन टी' हा ब्रँड जन्माला घातला म्हणा ना!

पण अप्पांना आम्हाला दाखवायचा होता तो ब्लिस्टर नव्हे. बागेच्या खालच्या अंगाला, अर्ध्या टेनिस कोर्टाएवढ्या जागेत चहाच नव्हता. भोवती कंबरेच्या वर खोल चर खणलेला होता. आत उंच गवत नुकतंच कापून पसरलेलं आणि ओळीने खड्डे तयार. 'इथे दीडशे झुडपं मेली,' टीममेट म्हणाला.

रोगाचं नाव लाल मूळकूज. ही बुरशी जमिनीखाली, मुळावरून मुळावर सरकते. वरून काहीच कळत नाही. एके दिवशी हिरवंगार झुडूप अचानक वाळतं आणि वाळलेली पानं तशीच लटकत राहतात. उपटून मूळ धुतलं की त्यावर लालसर धाग्यांचं जाळं दिसतं. मग शेजारचं जातं. मग त्याच्या शेजारचं. वर्तुळ मोठं होत जातं. फवारणीचा इथे काडीचा उपयोग नसतो, कारण शत्रू चार फूट खाली बसलेला असतो.

हे सुरू कुठून झालं? अप्पा क्षणभर थांबले आणि त्यांनी वर्तुळाच्या मधोमध बोट दाखवलं. तिथे सिल्व्हर ओकची तीन झाडं होती. चहावर विरळ सावली राहावी म्हणून ही मूळची ऑस्ट्रेलियाची झाडं बागेत लावतात, आणि घरात पैशाची नड आली की लाकूड विकतात. 2014 साली अप्पांनी ती तिन्ही तोडली. तोडायची खरी रीत अशी, की आधी खोडाची साल गोल काढायची आणि झाड उभ्या-उभ्या मरू द्यायचं. मग मुळांत साठवलेला स्टार्च संपून जातो आणि मूळकुजीच्या बुरशीला खायला काही उरत नाही. पण त्याला वर्ष-दीड वर्ष लागतं. सरकारी परवानगी हातात आली तेव्हा फी भरायला पंधरा दिवस उरले होते. झाडं तशीच कापली. बुंधे जमिनीत राहिले, आणि त्या बुंध्यांवर पोसलेली बुरशी पुढे पाच वर्षांनी चहाच्या मुळांपर्यंत पोचली.

'कुणाची फी?' मी विचारलं. अप्पा काही बोलले नाहीत. टीममेटने माझ्याकडे बघितलंही नाही. इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाची, एवढंच तो म्हणाला, आणि ते त्यालाही दोन वर्षांपूर्वी चर खणताना कळलं.

दुपारच्या जेवणाला अवऱ्याच्या दाण्यांची झणझणीत आमटी आणि भात होता. तेव्हा घरातला वाद बाहेर आला. आजूबाजूच्या बऱ्याच बागा 'व्ह्यू' असलेले प्लॉट म्हणून विकल्या जातायत. अप्पांच्या खालच्या तुकड्याला तर समोर अख्खी दरी. टीममेटचं म्हणणं, विकून टाका आणि पुण्यात माझ्याकडे या. अप्पांचं म्हणणं, नवीन चहा लावायचा. मला तेव्हा 'हट्टी'चं ते हसू आठवलं.

नवीन लावायचा तर त्याच मातीत पुन्हा तोच रोग येणार नाही कशावरून? अप्पांचं उत्तर दोन पिशव्यांत होतं. आणि खरं सांगतो, त्या पिशव्या बघितल्यावर कोटागिरीचे व्ह्यू पॉइंट माझ्या डोक्यातून गेले.

पहिल्या पिशवीत हिरवट भुकटी. ट्रायकोडर्मा! हे नाव मी ऐकलेलं होतं, कारण साताऱ्याकडे माझे मामा आल्याच्या शेतात कंदकूज होऊ नये म्हणून शेणखतात हेच मिसळतात. ट्रायकोडर्मा ही मातीतली पैलवान बुरशी. ती दुसऱ्या बुरशीच्या धाग्यांना विळखा घालते, तिच्या भिंती विरघळवणारे रस सोडते आणि तिला खाऊन टाकते. शिवाय मुळांभोवती जागा अडवून बसते ती वेगळीच. ती धान्यावरसुद्धा वाढते, त्यामुळे कारखान्यात तयार करणं सोपं. म्हणून कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळते.

दुसऱ्या पिशवीत नुसती भुरभुरीत माती दिसत होती, त्यात मुळांचे बारीक तुकडे. मायकोरायझा. ही बुरशी जरा नखरेल. जिवंत मुळाशिवाय ती जगतच नाही, त्यामुळे तिला आधी मक्यासारख्या पिकाच्या मुळांवर वाढवायचं आणि मग ती माती-मुळं सकट पॅक करायची. नाव दिलं फ्रँक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने, 1885 मध्ये. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'बुरशी-मूळ'. त्याच्याकडे खरं काम काय होतं माहितेय? ट्रफल नावाची महागडी खाद्य बुरशी शेतात पिकवता येते का ते बघायचं. ते काही जमलं नाही, पण झाडांची मुळं आणि बुरशी यांचा जमिनीखालचा संसार त्याला दिसला.

हा संसार किती जुना? स्कॉटलंडमधल्या रायनी गावाजवळ सापडलेल्या, सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या जीवाश्मांतही अशी बुरशी आहे. तेव्हा झाडांना धड मुळंही फुटलेली नव्हती. चहाच्या मुळांत राहणारी जात याच घराण्यातली. तिचे धागे मुळाच्या पेशींत शिरतात आणि आत चक्क एका इवल्या झाडासारख्या फांद्या पसरतात. देवाणघेवाण तिथेच होते. झाड आपण बनवलेली साखर देतं. बुरशी बाहेर मातीत लांबवर पसरलेल्या धाग्यांतून पाणी आणि मुख्य म्हणजे फॉस्फरस आणून देते. चहाला आंबट माती लागते, आणि आंबट मातीत फॉस्फरस लोह-ॲल्युमिनियमला चिकटून बसतो. मुळांना तो सहज सुटत नाही. म्हणून चहासाठी ही मैत्री विशेष कामाची.

बरं, पण रोगाचं काय? इथे खरी गंमत आहे. एक तर पोटभर खाल्लेलं झाड धडधाकट असतं. दुसरं, मुळात आधीच भाडेकरू असला की शत्रूला खोली मिळत नाही. आणि तिसरं सगळ्यात भारी. आपल्या ऑफिसात फायर ड्रिल होतं की नाही? आग लागलेली नसते, आपण कंटाळत जिना उतरतो, पण खरंच आग लागली तर पाय आपोआप दाराकडे वळतात. ही बुरशी मुळात शिरताना झाडाचं असंच ड्रिल होतं. झाड सावध होतं. नंतर खरा हल्ला आला की संरक्षणाची रसायनं लवकर आणि जास्त तयार होतात, आणि तीही फक्त मुळात नव्हे, वर पानांतसुद्धा. चीनमध्ये कुंडीतल्या चहाच्या रोपांना आधी ही बुरशी दिली आणि मग पानांवर करपा सोडला, तेव्हा रोग कमी पडला. त्याच देशात 2010 मध्ये टोमॅटोवर एक धमाल प्रयोग झाला. दोन रोपं, वर एकमेकांना न लागणारी, पण जमिनीखाली बुरशीच्या धाग्यांनी जोडलेली. एकाला रोग दिला, तर दुसरं आधीच तयारीला लागलं! म्हणजे जमिनीखाली चक्क ऑफिस ग्रुप चालू होता.

पण थांबा, लगेच टाळ्या नकोत. हे ड्रिल सगळ्या शत्रूंवर सारखं चालत नाही. पेशी मारून खाणाऱ्या बुरशींवर ते बरं चालतं. जिवंत पेशींतच घर करून राहणाऱ्यांवर फारसं नाही. आणि सकाळी पाहिलेला ब्लिस्टर नेमका दुसऱ्या प्रकारातला. त्यामुळे अप्पांचा तांब्याचा पंप काही माळ्यावर जाणार नाही. त्यात पुन्हा पेच असा, की वर्षानुवर्षं फवारलेलं तांबं शेवटी मातीतच उतरतं आणि ते या मित्रबुरशींनाही मानवत नाही. फॉस्फरसचं खत भरपूर टाकलं तरी हेच. झाडाला आयतं मिळायला लागलं की ते बुरशीला साखर देणं बंद करतं. घरबसल्या फूड डिलिव्हरी सुरू झाली की आपणही मेसचा डबा बंद करतोच की.

या सगळ्यात एक आपला धागाही सापडला. बुरशी, कंपोस्ट आणि चहा यांची सांगड जोरात मांडली ती सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी. ते 1924 ते 1931 इंदूरला होते, होळकरांच्या संस्थानात. तिथे त्यांनी पालापाचोळा आणि शेणापासून खत करण्याची जी पद्धत बसवली, ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणूनच ओळखली जाते. 1931 च्या त्यांच्या पुस्तकावर सहलेखक म्हणून नाव आहे यशवंत वाड यांचं. 1937-38 मध्ये हॉवर्ड भारतातले आणि सिलोनचे चहाचे मळे हिंडले, झुडपांची मुळं खणून तपासली आणि म्हणाले, जिथे चांगलं कंपोस्ट तिथे मुळांत बुरशी भरपूर आणि तिथे झाडं निरोगी. बुरशी झाडाला नेमकं काय देते याबद्दलचं त्यांचं स्पष्टीकरण आज जसंच्या तसं कोणी मानत नाही. पण माणसाने बघायची जागा बरोबर पकडली होती. सगळे पानं बघत होते तेव्हा हा मुळं धूत होता.

आता परत आपल्या कटिंगकडे. बीपासून आलेल्या चहाला खोल सोटमूळ असतं. कटिंगला ते नसतं. शिवाय नर्सरीत कटिंग लावतात ती मुद्दाम खालच्या थरातल्या, सेंद्रिय अंश नसलेल्या मातीत, कारण तिथे मुळं चांगली फुटतात. पण अशा मातीत मित्रबुरशीही फार कमी. म्हणजे रोप शेतात येतं ते एकटं, ओळख ना पाळख. म्हणून या पिशव्यांचा उपयोग आहे तो लावणीच्या आधी किंवा लावताना, रोग येण्याच्या आधी. मेलेल्या झुडपाला त्या जिवंत करणार नाहीत. अप्पांनी 2023 मध्ये पेन्सिलीएवढं मूळसुद्धा राहू न देता जमीन खणून काढली, सगळं जाळलं आणि दोन वर्षं ग्वाटेमाला गवत लावलं. चहाच्या बागांत ही जुनीच रीत आहे. गवतावर मूळकूज उपाशी मरते, आणि गवताच्या मुळांवर मायकोरायझा पोसला जातो. दोन वर्षं त्या तुकड्यातून एक रुपया नाही.

शनिवारी सकाळी लावणी ठरली. पण त्याआधी अप्पा चराच्या बाहेर एका झुडपापाशी थबकले. दोन फांद्यांची पानं वाळून लटकत होती. फावडं आलं. टीममेटने आणि त्यांनी मिळून झुडूप उपटलं, मूळ बादलीत बुडवलं, अप्पांनी अंगठ्याने माती सोडवली. आम्ही तिघेही वाकून बघत होतो. पाणी गढूळ, मग जरा निवळलं. मुळावर लाल धागे.

कोणी काहीच बोललं नाही. अम्मा घरातून चहा घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली. मग टीममेट इंग्रजीत म्हणाला, बहुतेक मला कळावं म्हणून, 'अप्पा, अजून वेळ आहे, विकूया.' अप्पांनी बादली उपडी केली, ते झुडूप आणि त्याच्या भोवतालची दिसायला धडधाकट असलेली नऊ झुडपं मोजली, आणि फावड्याच्या दांड्याने जमिनीवर नव्या चराची रेघ ओढली. नऊ निरोगी झुडपं! ती उपटताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता. टीममेटने मग शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि रेघेवर खणायला लागला. दुपारपर्यंत तो एक शब्द बोलला नाही, पण थांबलाही नाही.

लावणी दुपारी झाली, चराच्या आतल्या खड्ड्यांत. बारा ओळी होत्या. सहा ओळींत अप्पांनी शेणखतात मुरवलेला ट्रायकोडर्मा आणि मुळाशी चमचाभर मायकोरायझा घातला. उरलेल्या सहा ओळींत फक्त शेणखत. मी विचारलं, 'अप्पा, सगळीकडेच का नाही घातलं?' ते म्हणाले, 'मग कळणार कसं?' ओळींच्या टोकाला त्यांनी पांढरे दगड ठेवले. आमच्या कंपनीत या अकलेचे पैसे देऊन कन्सल्टंट आणतात.

मी दोन ओळी लावल्या, एक दगडाची, एक बिनदगडाची. पिशवी फाडायची, मातीचा गोळा न फोडता रोप खड्ड्यात ठेवायचं, कडेने माती दाबायची. बिनदगडाच्या ओळीत हात उगाचच जड झाला. निकाल कधी? पहिली छाटणी होईपर्यंत तरी चार-पाच वर्षं, असं अप्पा म्हणाले. प्लॉटवाल्या एजंटचा फोन मात्र दसऱ्यापासून दोनदा येऊन गेला होता.

जायचं असेल तर मुंबईहून कोइंबतूरला थेट विमान आहे, आणि कुर्ल्याहून पुण्यामार्गे जाणारी गाडीही आहे. स्वतःची गाडी काढणार असाल तर निलगिरीत बाहेरच्या गाड्यांना 2024 च्या मेपासून ई-पास लागतो, तो निघण्याआधी ऑनलाइन काढा. प्लास्टिकच्या बाटल्या घरीच ठेवा, तिथे खरंच पकडतात. कोटागिरीत कोडनाडचा व्ह्यू पॉइंट आहे, कॅथरीन धबधबा आहे, सलिव्हन साहेबाचा जुना बंगला आहे. छोट्या बागवाल्यांच्या वस्तीत गेलात तर विचारल्याशिवाय ओळींत शिरू नका. आणि एखाद्या तुकड्याभोवती खोल चर दिसला तर तो ओलांडू नका, कारण बुटाला चिकटलेल्या मातीतून काय पलीकडे जाईल सांगता येत नाही.